उद्याचं हाय बाई ते

औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतला परिपाठ. सप्टेंबरची २९ तारीख. रात्री पाऊस होऊन गेलेला, पटांगणात चिखल, त्यामुळं रांगा व्हरांड्यात दाटीवाटीनं उभ्या. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला आणि सातवीतली एक मुलगी वहीचं फाडलेलं पान घेऊन पुढं आली. पानावर आदल्या रात्री घरच्या मोबाईलवरून उतरवलेली दिनविशेषाची यादी. कुणाचा जन्म, कुणाचं निधन, कुठला तरी जागतिक दिवस, आणि मधेच एक ओळ : ‘१९९३ : लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे भूकंप.’ तिनं ती बाकीच्या ओळींसारखीच एका सुरात वाचली. रांगेत कुणी हललं नाही. हलायचं कारणही नव्हतं. तो भूकंप पाहिलेलं त्या रांगेत कोण असणार? शिक्षकांतलेही निम्मे नंतर जन्मलेले. पण शेजारच्या खिचडीच्या शेडमध्ये तांदूळ निवडत बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, “उद्याचं हाय बाई ते. गणपती बुडवून आल्ते, त्या रातीचं.” मुलगी थांबली. तिनं कागदाकडं पाहिलं, मग सरांकडं. सरांनी स्वतःच्या मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “मावशी, यात एकोणतीसच दिलंय.” मावशींनी सुपातले खडे बाजूला सारले. “देऊ द्या की,” एवढंच म्हणाल्या. परिपाठ पुढं सरकला.

त्यातलं ‘देऊ द्या की’ मात्र डोक्यातून जाईना.

मावशी बरोबर होत्या हे सांगायला नको. मराठवाड्यात ३० सप्टेंबर कुणाला शिकवावा लागत नाही. प्रश्न वेगळाच आहे : तो २९ आला कुठून? तो कुणाच्या गलथानपणातून आलेला नाही, हिशेबातून आलेला आहे. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. जगभरातली भूकंपमापन केंद्रं आपापल्या गावच्या घड्याळानं वेळ नोंदवत नाहीत, ती ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनं नोंदवतात. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की रात्रीचे १० वाजून २६ मिनिटं होतात, आणि तारीख होते आदल्या दिवसाची. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र खात्याच्या नोंदीत म्हणूनच हा भूकंप २९ सप्टेंबरला आहे आणि त्यांच्यापुरता तो बरोबरच आहे. चूक झाली ती पुढं. ती नोंद कुणी तरी यादीत घेतली, यादीचं भाषांतर झालं, भाषांतर व्हॉट्सॲपवर आलं, तिथून वहीच्या पानावर. वाटेत एकानंही वेळ कुठली हे विचारलं नाही. भारतात मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात जे काही घडतं, त्याला हा धोका कायमचा आहे. उलटा मामलाही असतो. चंद्रावर माणूस उतरल्याची तारीख आपण २० जुलै १९६९ लिहितो. पण यान चंद्राला टेकलं तेव्हा आपल्याकडं २१ जुलैची रात्र पावणेदोनच्या सुमारास होती आणि आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजत आले होते. आपण अमेरिकेची तारीख तशीच उचलली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. किल्लारीत बिघडतं. तिथं तारखेची माणसं अजून जिवंत आहेत.

पण मावशींनी ‘तीस तारीख’ असं म्हटलंच नाही, हेही बघा. त्या म्हणाल्या, गणपती बुडवून आलो त्या रातीचं. १९९३ साली अनंत चतुर्दशी होती २९ सप्टेंबरला, बुधवारी. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात, मध्यरात्रीला तिथं काही किंमत नाही. म्हणजे पहाटे ३.५६ ला घड्याळाचा गुरुवार सुरू होऊन चार तास झाले होते, ग्रीनिचचा बुधवार संपायला दीड तास बाकी होता आणि गावाच्या लेखी अजून विसर्जनाचाच दिवस चालू होता. एकाच धक्क्याचे असे तीन पत्ते. त्यातला तिसरा पत्ता उगाच भावनेचा नाही, त्यात माहितीही आहे. मिरवणुकीनं दमलेली माणसं उशिरा येऊन पडली होती आणि गाढ झोपेत होती. घरं दगडाची, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, सांध्यात नुसती माती, वर लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा थरावर थर चढवलेलं माळवद. उन्हाळ्यात हेच घर थंडगार राहतं म्हणून पिढ्यान् पिढ्या बांधलेलं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना आरपार जोडणारा दगडच नसल्यानं हादऱ्यासरशी भिंती उभ्या फाटल्या आणि माळवदाचं टनावारी ओझं झोपलेल्यांवर आलं. ‘तीव्रता ६.४, मृत्यू सुमारे १०,०००’ या ओळीत हे काहीच येत नाही. आणि त्या आकड्यांचंही ठरलेलं नाही, कुठं ६.२ लिहितात, कुठं ६.४, कारण मापनाच्या पद्धती वेगळ्या; मृतांचा आकडा कुठं आठ हजारांच्या आसपास, कुठं दहा.

दिनविशेष ही तशी गरीब गोष्ट. शाळेत तिला परिपाठातली दीड-दोन मिनिटं आणि प्रवेशद्वाराजवळचा एक फळा. त्या फळ्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की चार बाय तीन फुटांत, मागच्या रांगेतल्या पोराला दिसेल अशा अक्षरात, सहा-सात ओळींवर मजकूर बसत नाही. अक्षर चार बोटं उंच तरी हवं. आधी दोरा खडूच्या भुकटीत घोळून दोन्ही टोकांना ताणायचा आणि मधोमध टिचकी मारायची, सरळ फिकट रेघ उमटते. हातानं मारलेल्या रेघा तिसऱ्या ओळीपासून उजवीकडं चढायला लागतात. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून घेतला तर भुकटी झडत नाही आणि रंग ठसठशीत उठतो. पण ओल्या खडूची गंमत अशी की लिहिताना काहीच दिसत नाही. काळ्यावर नुसता ओला माग दिसतो, लिहिणारा घाबरून तेच पुन्हा गिरवतो, आणि वाळल्यावर अक्षर जाडजूड, बरबटलेलं होतं. पाच-सात मिनिटं धीर धरला की तेच अक्षर ठसठशीत वर येतं. फार भिजवला तर खडू बोटातच मऊ होतो, तो भाग वेगळा.

मजकुरातल्या चुकाही ठरलेल्या. साल ओळीच्या सुरुवातीला टाकलं तर वाचणारं पोर तिथंच अडखळतं, ‘एकोणीसशे त्र्या... त्र्याण्णव’ म्हणेपर्यंत रांगेचं लक्ष उडतं. म्हणून आधी नाव, मग काय झालं, साल शेवटी. देवनागरी १ आणि ९ हे आकडे घाईत जुळे भाऊ होतात. पाऊस लागलेल्या फळ्यावर १७१९ चं १७९१ व्हायला वेळ लागत नाही. आणि शब्द. जयंती हयात माणसाची लिहू नये, त्याचा वाढदिवस असतो. दर महिन्याला कुठं तरी हे होतंच. पुण्यतिथी, स्मृतिदिन, महापरिनिर्वाण दिन, बलिदान दिन, समाधी, उरूस हे सगळे मृत्यूचेच शब्द, पण एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. ६ डिसेंबरला ‘पुण्यतिथी’ लिहिणाऱ्या शिक्षकाला मराठवाड्यात कुणी ना कुणी हाताला धरून फळ्यापाशी नेईल, आणि योग्यच करील. पुण्यतिथी या शब्दाचीही एक गंमत आहेच : त्यात तिथी आहे, आणि आपण तो इंग्रजी तारखेला लावतो.

जिल्ह्यांच्या नावांचं तर विचारू नका. ‘संत नामदेव, जन्म नरसी, जि. हिंगोली, १२७०’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला.

नामदेवांवरून आठवलं. संतांच्या बाबतीत मराठवाड्याला तारखांची गरजच पडलेली नाही. पैठणला नाथषष्ठी भरते ती फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये एकनाथांनी देह ठेवला त्या तिथीला. कुणी तिची इंग्रजी तारीख काढून त्या दिवशी वाळवंटात जाऊन उभं राहिलं तर गोदावरी आणि बगळे सोडून काही दिसणार नाही. जांबेच्या समर्थांचा जन्म रामनवमीचा, त्यांचं निधन दासनवमीचं. ही दिनविशेषाची जुनी तऱ्हा : दिवस लक्षात, साल धूसर. शाळेच्या फळ्याची तऱ्हा नेमकी उलटी, तिला सालाशिवाय चैन पडत नाही. या दोन तऱ्हा एका ओळीत आणायला गेलं की जंत्री लागते, आणि जंत्रीत बोट एक घर खाली घसरलं की शतकभर टिकणारी चूक तयार होते.

त्यातून इंग्रजी तारीखही एक नाही. पोप ग्रेगरीनं १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आणला. पोर्तुगीजांनी लगेच मान्य केलं. इंग्रजांनी १७५२ पर्यंत हट्ट सोडला नाही. त्यामुळं शिवकाळात गोव्याचं पत्र आणि सुरतेच्या इंग्रज वखारीचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखांत दहा दिवसांचं अंतर. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्याची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची आहे. आजच्या पद्धतीनं ती १६ जून होते. शिवजयंतीचंही तसंच. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हे पक्कं धरलं तर १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या पद्धतीची तारीख. नव्या पद्धतीनं १ मार्च. शासनानं १९ फेब्रुवारी ठरवली, ती सर्वांनी घेतली, आता ती हलवण्यात शहाणपण नाही. पण मग नियम एकच ठेवावा. तो ठेवला जात नाही, ही खरी तक्रार. खुलदाबादेत पुरलेल्या औरंगजेबाचा मृत्यू ३ मार्च १७०७ लिहितात, म्हणजे नवी पद्धत. काही ठिकाणी २० फेब्रुवारी लिहितात, ती जुनी. नांदेडला गुरू गोविंदसिंहांच्या ज्योतीज्योत समावण्याची, म्हणजे निधनाची, तारीख ७ ऑक्टोबर १७०८ दिली जाते, ही पुन्हा जुनी. नव्यानं ती १८ ऑक्टोबर. एकाच फळ्यावर दीड वर्षाच्या अंतरानं घडलेल्या दोन घटना दोन वेगळ्या घड्याळांनी मोजलेल्या असतात, आणि इतिहासाचे शिक्षक त्यांतलं अंतर दिवसांत काढायला सांगतात! शोधायची रीत सोपी आहे. १७०० पूर्वीची तारीख असेल तर फरक १० दिवस, अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात १३. आणि मुसलमानी तारीख असेल तर आणखी एक पाचर : तो दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळं संध्याकाळनंतरची घटना एका दिवसानं पुढं ढकललेली सापडू शकते.

मराठवाड्याला याहून वेगळा एक ताप आहे. निजामाच्या दप्तराचा महिना ना चैत्र, ना मोहरम, ना जानेवारी. तिथं फसली, म्हणजे पीकपाण्याच्या नि महसुलाच्या हिशेबाचं, साल चाले, आणि महिने इराणी : आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. वर्ष ऑक्टोबरात आजुरपासून सुरू होई. फसली सालाचं इसवी साल काढायला पहिल्या तीन महिन्यांसाठी ५९० मिळवायचे आणि पुढं ५९१. बहमन ते इस्फंदार हा सांधा जपून ओलांडायचा, कारण तिथं जानेवारी लागतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. सरसकट ५९० मिळवणारा तो १९०७ चाच धरून चालतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती मराठवाड्यात आली तेव्हा तहसिलींत धूळ खात पडलेली उर्दू आणि मोडी कागदपत्रं बाहेर निघाली, आणि वाचणाऱ्यांचा तुटवडा एका रात्रीत जाणवला. अक्षर लागलं तरी काम संपत नाही. ‘७ खुर्दाद १३२५’ म्हणजे पणजोबांच्या आयुष्यातला उन्हाळा होता की हिवाळा, हे कळायला वरची माळ पाठ असावी लागते. (उन्हाळा. १९१६ चा.)

घराघरांत मात्र फसलीही नव्हती. ‘रझाकारीत चालायला लागला होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात पोटात होती’, ‘किल्लारीच्या आधल्या साली लगीन झालं’ अशी गावाची जंत्री. ती घेऊन पोराला शाळेत घालायला आई आली की गुरुजी हिशेब करत आणि दाखलखारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत, कारण जूनमध्ये शाळा उघडते आणि वय नेमकं बसतं. ग्रामपंचायतीच्या नाहीतर कोतवालाच्या पुस्तकात खरी तारीख असायचीही, पण नकलेसाठी तालुक्याला हेलपाटा कोण मारणार? म्हणून आजही १ जूनला फोन उघडला की शुभेच्छांचा पूर येतो. सेवापुस्तक, पेन्शन, आधार सगळं १ जूनवर उभं. ही माणसं सुदैवानं थोर झाली तर दिनविशेषात १ जून हा महाराष्ट्राच्या प्रतिभेचा स्फोट झालेला दिवस दिसेल.

आता १७ सप्टेंबर. मराठवाड्याच्या फळ्यावरचा सगळ्यात गर्दीचा दिवस हाच. प्रबोधनकार ठाकरे, १८८५. पेरियार, १८७९. चित्रकार हुसेन, पंढरपूर, १९१५. रशियातले अग्निबाणाच्या शास्त्राचे आद्य अभ्यासक त्सिओल्कोव्हस्की, १८५७. त्यांच्या गावच्या तेव्हाच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी ५ सप्टेंबर होता, बारा दिवस मिळवून ते आपल्या रांगेत आले. १६८३ साली याच तारखेच्या पत्रात डेल्फ्टच्या लीवेनहुकनं दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव दिसल्याचं लंडनला कळवलं. हे वाचून दाखवलं की पहिलीची पोरं जिभेनं दात चाचपतात, हमखास. पण फळ्याच्या मधोमध, जाड अक्षरात, झेंड्याच्या तीन रंगांत असतो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि बाकीच्यांना त्याच्या भोवतीनं आखडून बसावं लागतं.

त्या ओळीतही थोडं सैल आहे. ‘१७ सप्टेंबर १९४८ : हैदराबाद संस्थान भारतात विलीन’ असं सगळीकडं लिहितात. १३ तारखेला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या. १७ ला, शुक्रवारी, निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि रेडिओवरून भाषण केलं. सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती दिली ती दुसऱ्या दिवशी, १८ ला. निजाम पुढं १९५० ते ५६ राजप्रमुख म्हणून राहिले. पाच जिल्ह्यांचा मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. ‘मुक्त झाला’ हे १७ ला शोभतं, ‘विलीन’ जरा घाईचं. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं यातलं काही म्हणत नाहीत, ती ‘ॲक्शन झाली’ म्हणतात, पोलीस ॲक्शन. त्याच शुक्रवारी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची गोळ्या घालून हत्या झाली. जगाच्या यादीत ती ओळ वर आहे आणि हैदराबाद बहुतेक वेळा नाहीच.

आणि त्या शुक्रवारी तिथी कोणती होती? अनंत चतुर्दशी.

पडताळून बघता येतं, अवघड नाही. १८ सप्टेंबर १९४८ ला दुपारी पौर्णिमा पुरी झाली, म्हणजे १७ च्या सूर्योदयाला भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. हे नको असेल तर एकोणीस वर्षांचा ठोकताळा आहे : १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ काटेकोर बसतात, फरक दोनेक तासांचा, त्यामुळं दर एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा भेटतात, फार तर एखादा दिवस इकडं-तिकडं. १९४८ मध्ये १९ मिळवत चला : १९६७, १९८६, २००५, २०२४. आणि २०२४ साली १७ सप्टेंबरला खरंच अनंत चतुर्दशी होती. सकाळी ध्वजारोहण, हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र, आणि त्याच पोलिसांना दुपारपासून विसर्जनाचा बंदोबस्त. सगळे वैतागले होते की दोन्ही एकाच दिवशी आलं. ते ‘आलं’ नव्हतं, ते परत जागेवर बसलं होतं. मराठवाड्याच्या स्मरणातले दोन मोठे दिवस, एक मुक्तीचा आणि एक मातीखाली गेल्याचा, फळ्यावर तेरा घरांच्या अंतरानं बसतात, आणि पंचांगात ते एकाच तिथीवर आहेत. यात कुणी संकेत वगैरे शोधू नये. चंद्राला औसा माहीत नाही. पण गणपती बुडवून परतणाऱ्या १९९३ च्या मिरवणुकीत साठी ओलांडलेले असे काही जण असणारच, ज्यांना विसर्जनाच्या दिवशीच ॲक्शन संपल्याचं आठवत असेल. त्यांच्यातले किती सकाळी उरले, याची नोंद कुठल्याच पद्धतीत नाही.

दिनविशेषाला काय चालतं आणि काय नाही, हे इथं नीट दिसतं. त्याला गोळी चालते, सही चालते, धक्का चालतो, ज्याला मिनिट आहे ते सगळं चालतं. १९७२ चा दुष्काळ कुठल्या तारखेला लिहाल? मृग कोरडा गेला त्या दिवशी, सुकडीसाठी पहिली रांग लागली त्या दिवशी, की बैल बाजारात नेला त्या दिवशी? ज्यानं मराठवाड्यातल्या घरांची रीत बदलली, तो दुष्काळ फळ्यावर कधीच येत नाही. ॲक्शननंतरचे आठवडेही येत नाहीत. त्या आठवड्यांतल्या हिंसाचाराची चौकशी करायला सुंदरलाल समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानभर फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर सगळ्यात जास्त आपत्ती ओढवल्याचं तिनं लिहिलं, आणि ते कागद कित्येक दशकं बंद राहिले. रझाकारांनी जाळलेल्या गावांना निदान स्तंभ आहेत, बऱ्याच स्तंभांवर नावं आहेत, तारखा क्वचितच. दुसऱ्या बाजूच्यांना तेही नाही. १७ सप्टेंबरच्या तिरंगी अक्षरांखाली या दोन्हींना जागा करायची म्हटली तर चार बाय तीन फूट पुरत नाहीत, आणि सहावीच्या वर्गशिक्षकांवर ते ओझं टाकणंही बरोबर नाही. तरी जागा नाही म्हणून घडलं नाही असं होत नाही.

म्हणून फळा लिहिणाऱ्यांनी निदान एवढं करावं. यादी तयार मिळाली तरी आपल्या जिल्ह्याच्या ओळी वेगळ्या काढाव्यात, घटना रात्रीची असेल तर वेळ कुठल्या देशाची हे विचारावं, १७५२ पूर्वीचं असेल तर जुनी पद्धत की नवी ते बघावं, आणि जमलं तर शेजारी तिथी लिहावी. दहा मिनिटांचं काम आहे. आणि गावात विचारावं. खिचडीच्या शेडपर्यंत चालत गेलं तरी पुरतं.

३० तारखेला त्या शाळेच्या फळ्यावर ओळ आली. सरांनी स्वतः लिहिली, ‘किल्लारी भूकंप, पहाटे ३.५६, १९९३’. साल शेवटी, अक्षर सरळ. रांगा लागायच्या आधी मावशी पातेलं घेऊन तिथून चालल्या होत्या. थांबून मुलीला म्हणाल्या, “वाच बरं काय लिवलंय.” तिनं वाचलं. मावशींनी ऐकून घेतलं. “गणपतीचं न्हाई का लिवलं?”

मुलीनं इकडंतिकडं पाहिलं. सर ऑफिसात होते. खडूचा डबा उघडा होता, वाटीत साखरेच्या पाण्यात गुलाबी तुकडा बुडालेला. तिनं तो उचलला आणि फळ्याच्या तळाशी, चौकटीला लागून उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं, ‘अनंत चतुर्दशीची रात्र’. काहीच उमटलं नाही. काळ्यावर नुसता ओला माग. तिनं पुन्हा गिरवायला हात नेला, तेवढ्यात घंटा झाली. परिपाठ झाला, रांगा वर्गात गेल्या, पटांगण रिकामं झालं. आणि मग, ऊन फळ्यावर आल्यावर, ती ओळ हळूहळू वर आली.